‘कोंडी’ मासिकाचे अकरा मालक

जाफर बागवानाला आट्यापाट्या खेळता येत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं, मोठा खेळाडू असेल. छे! पहिल्याच पाटीत मारला जायचा. अंग जड, पाय सपाट आणि तोंड सतत चालू. समोरचा गडी हात लावून मोकळा झाला तरी ह्याचं बोलणं संपलेलं नसायचं. पण खेळ कसा खेळावा हे सांगायला सगळ्यांच्या पुढं. आणि नुसतं सांगून भागेना, म्हणून त्यानं ह्या खेळाचं मासिक काढलं.

हल्लीच्या पोरांना आट्यापाट्या ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मैदानात फावड्यानं आडव्या नऊ पाट्या आखायच्या, म्हणजे पाऊल मावेल एवढे पट्टे. एकेका पाटीत एकेक गडी उभा, त्यानं पाटी सोडायची नाही. मधून एक उभी पाटी जाते, तिच्यातून पळणारा तो सूर. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं. कुणी मारला न जाता परत आला की लोण आलं, डाव जिंकला. मध्येच अडकला की कोंडी झाली. आणि आमच्याकडची एक रीत होती. ज्याला हात लागला त्यानंच हात वर करून ‘मेलो’ म्हणायचं. पंच असायचा, पण तो नारळ फोडायला. ‘मेलो’ म्हणताना ज्याची जीभ अडखळली, त्याला पुढल्या खेपेला कुणी संघात घेत नसे.

मासिकाचं नाव ‘कोंडी’. पानं चार. छपाई धाराशिवात, पायानं चालवायच्या छापखान्यावर. संपादक, वार्ताहर, वाटप करणारा आणि वर्गणीसाठी भांडणारा, सगळं जाफरभाईच. बेंबळीला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. जत्रा आली की दुकानाला कुलूप आणि हा सायकलवर. येडशीला रामलिंगाची जत्रा, तामलवाडीला सामना, कुठं कुठं जायचा. परत आला की पंक्चर काढता काढता मला वाचून दाखवायचा.

“ऐक हरिबा. ‘सातव्या पाटीवर तो सूर असा आला की जणू तळपती वीज मानवी देह धारण करून, पायजमा खोचून धावत आहे.’ कसंय?”

“जाफरभाई, विजेला पायजमा कशाला?”

“तू चौथी पास. तुला न्हाय कळायचं.”

मी चौथी तरी होतो. हा तिसरीतूनच उठलेला. पण एक मानलं पाहिजे. विजेला पायजमा घातला तरी निकाल बदलला नाही कधी. त्याची सासुरवाड येडशीची. एकदा येडशीचा संघ बेंबळीकडून धुवून निघाला, तर ह्यानं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं, आणि वर सासऱ्याच्या घरी स्वतः अंक टाकून आला. पुढच्या ईदला सासऱ्यानं जावयाला शीरखुर्मा दिला तो बिनसाखरेचा. ह्यानं दोन वाट्या खाल्ला आणि म्हणाला, “निकाल गोड न्हवता, तर खुर्मा कसा असंल?”

बहात्तरच्या दुष्काळात मासिक बंद पडलं. खेळणारे सगळे खडी फोडायला गेले. मैदानं काय, सगळी रानंच मैदानासारखी उघडी पडली होती, पण पाट्या आखायला कुणाच्या अंगात जोर होता? रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन माणूस पळत नाही. छापखानेवाला सोलापूरला गेला. जाफरभाईनं शेवटचा अंक एका पानाचा काढला. त्यावर एवढंच: पाऊस पडला की भेटू.

पुढल्या वर्षी पाऊस पडला. ‘कोंडी’ काही भेटली नाही. मग वर्षानुवर्षं ह्याची एकच रड. गिऱ्हाईक सायकल घेऊन आलं की त्याला आधी मासिकाची हकिगत ऐकावी लागे, मग हवा मिळे. त्याची बायको हसीनाबी म्हणायच्या, “तुमच्या मासिकापायी गिऱ्हाईक पायी चालत जातंय, सायकल काखेत मारून.”

आता नानासाहेबांकडं येतो. येताना जरा घसा साफ करून घ्यावा लागतो.

त्या काळात आमच्या भागात पाणी नव्हतं, पण सहकार होता. दूध सोसायटी होती, म्हशी नव्हत्या. पाणीपुरवठा सोसायटी होती, तिच्या विहिरीत कबुतरं राहायची. आणि करजवाडीचे नानासाहेब हे साखर कारखान्याचे चेअरमन होते. कारखाना कुठं होता म्हणून विचारू नका. कोनशिला बसली होती. संचालक मंडळ, लोकांच्या तोंडी ‘बोर्ड’, निवडून आलं होतं, जीप आली होती, जीपमागं पळणारा शिपाई आला होता. ऊस तेवढा यायचा राहिला होता. तर अकरा संचालक रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून त्या कोनशिलेपाशी जमायचे आणि दिवसभर करायचं काय, हा प्रश्न पडायचा.

शेजारच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं साप्ताहिक काढलं आणि त्यात स्वतःचा फोटो छापला. झालं. नानासाहेबांनाही आपला पेपर पाहिजेच झाला. कुणीतरी सांगितलं, नवीन पेपर काढायचा तर कागद दिल्लीपर्यंत जातात, त्यापेक्षा बंद पडलेलं एखादं मिळालं तर झटक्यात काम. चौकशी केली तर सगळ्या पंचक्रोशीत बंद पडलेलं मासिक एकच, आमच्या सायकलवाल्याचं.

जीप दुकानासमोर थांबली तेव्हा मी तिथंच खोक्यावर बसलो होतो. नानासाहेब उतरले. मागून गुंडाप्पा संचालक उतरले. हे गुंडाप्पा फार मोठे गृहस्थ. कुठल्याही मीटिंगमध्ये बसल्याबरोबर झोपायचे आणि शेजाऱ्याचा हात वर गेला की झोपेतच ह्यांचाही जायचा.

“जाफरभाई,” नानासाहेब म्हणाले, “तुमचं ते मासिक आमी पुन्हा जिवंत करणार. खेळाची सेवा झाली पाहिजे.”

जाफरभाईच्या हातातला पाना खाली पडला. “साहेब, खरं म्हणता?”

“संस्था काढू. ‘मासिक कोंडी पुनरुज्जीवन सहकारी संस्था मर्यादित.’ मालकी संस्थेची, संपादक तुमीच. नाव फक्त जरा बदलू. कोंडी म्हणजे कसं अशुभ वाटतं. ‘सहकार क्रीडा-वैभव’ ठेवू.”

“नाव ऱ्हाऊ द्या साहेब. बाकी काय बी करा.”

“ऱ्हाऊ द्या,” गुंडाप्पा म्हणाले. “आपल्याला काय वाचायचंय?”

चार पानांच्या मासिकाला अकरा मालक झाले. शिवाय छपाई उपसमिती, वाटप उपसमिती आणि कागद खरेदी उपसमिती. कागद खरेदीला पाच जण पुण्याला जाऊन आले. कागद धाराशिवातच घेतला, पण पुण्याला जाऊन आले. मुखपृष्ठावर कोण, ह्यावर तीन बैठका झाल्या. शेवटी अकराही फोटो टाकायचे ठरले, टिकल्यांएवढे, मधोमध नानासाहेबांचा रुपयाएवढा. पाट्यांचं चित्र काढायला जागाच उरली नाही.

जाफरभाईला त्याचं काही वाटेना. हा माणूस हवेत होता. दाढी रंगवली, बंद गळ्याचा कोट शिवला, आणि छापखान्यात ‘संपादक: जाफर बागवान’ ही ओळ जुळवायला स्वतः उभा राहिला. मी म्हणालो, “जाफरभाई, ही माणसं तुमचं मासिक खेळासाठी न्हाय, फोटोसाठी चालवणार.” तर म्हणाला, “फोटो वरच्या पानावर. आतली तीन पानं माझी हायत. तिथं म्या सांगीन तेच.”

पहिल्या अंकासाठी सामना ठेवला. कोनशिलेशेजारच्या माळावर, बेंबळी विरुद्ध करजवाडी. करजवाडी नानासाहेबांचं गाव, आणि संघात सूर म्हणून त्यांचा पुतण्या आबाराव. आबाराव जेवणात पटाईत. सूर म्हणून धावायला लागला की पाटीची रुंदी कमी पडायची.

आमच्याकडून मच्छिंद्र होता. बौद्ध वस्तीतला पोरगा, वीज मंडळात खांबावर चढायचं काम करायचा. सडपातळ, अबोल. शेवटच्या डावात आमचे सगळे मारले गेले, हा एकटा उरला. गेला तसा आला. येताना सातव्या पाटीपाशी आबाराव आडवा आला. मच्छिंद्रानं उजवीकडं खांदा टाकला, डावीकडून निघून गेला, आणि आबाराव आपल्याच वजनानं खाली बसला. लोण! अख्खा माळ उठला. हलगीवाल्यानं हलगी फोडायचीच बाकी ठेवली.

धुळीत बसल्या बसल्या आबाराव ओरडला, “हात लागला! सदऱ्याला लागला!”

सगळे मच्छिंद्राकडं बघायला लागले. तो धापा टाकत होता. म्हणाला, “लागला असता तर म्या बोललो असतो.”

आमच्या रीतीनं विषय इथं संपला. करजवाडीच्या कप्तानानंसुद्धा पुढं होऊन मच्छिंद्राच्या पाठीवर थाप मारली. पण मांडवातून नानासाहेब उठले. हात जोडले. म्हणाले, “खेळात वाद नको. संस्था लोकशाहीनं चालते. कुठलाही वादाचा मुद्दा संचालक मंडळानं बहुमतानं निकालात काढावा, असा आपला पोटनियम हाय. उद्याच्या बैठकीत घेऊ.”

मला आधी वाटलं थट्टा करतायत. ती थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी खरोखरच बैठक झाली. सूचना, अनुमोदन, मतदान. आबारावाचा हात मच्छिंद्राच्या सदऱ्याला लागला, असं सात विरुद्ध पाच मतांनी ठरलं! त्या सातांतले तिघं तर सामन्याला आलेच नव्हते, एक आलेला पण मांडवामागं जेवत होता, आणि गुंडाप्पांनी झोपेत हात वर केला तो दोन्ही बाजूंना मोजावा लागला, म्हणून अकरा जणांची मतं बारा झाली. पुढं कारखाना झाला असता तर ह्या लोकांनी उसात साखर किती तेही हात वर करून ठरवलं असतं.

बैठक उठल्यावर नानासाहेबांनी जाफरभाईला जीपपाशी बोलावलं. आता ‘भाई’ गळालं होतं.

“जाफर, निकाल कळला ना? करजवाडी विजयी. तसं छाप.”

“साहेब, लोण तर आलं हुतं. माळभर माणसांनी बघितलंय.”

“मंडळापेक्षा माळ मोठा हाय का? हे बघ, तुला जमत नसंल तर आबाराव संपादक व्हायला तयार हाय. त्याला लिवायची आवड बी हाय.”

जीप गेली. जाफरभाई दुकानात येऊन बसला. गिऱ्हाईक आलं, हवा भरून गेलं, मासिकाचं एक अक्षर ऐकल्याशिवाय. मला भीती वाटली.

“काय करायचं, हरिबा?” शेवटी बोलला. “खोटं छापलं तर ज्या गावात जाईन तिथं लोक म्हणतील, आला बघा बोर्डाचा माणूस. न्हाय छापलं तर मासिक आबारावाकडं. सात वर्षांनी हातात आलंय रे. माझं नाव बघितलंस ना कसं जुळवलंय? ठळक.”

आत चुलीपाशी हसीनाबी होत्या. त्या काही बाईमाणूस म्हणून मागं राहणाऱ्या नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, “बंद पडलं तवा रडले, चालू झालं तरी रडतेत. अजी, जो हुआ सो लिखो ना!”

“जो हुआ म्हणजे काय? लोण आलं ते?”

“ते बी. आन् मीटिंग? ती झाली न्हाय का? का ती बी खोटी?”

जाफरभाईनं बायकोकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग उठला, बंद गळ्याचा कोट अंगात चढवला आणि लिहायला बसला. कोट घातल्याशिवाय म्हणे संपादकाचा हात चालत नाही.

तो मजकूर मला अजून पाठ आहे. आधी सामना, नेहमीसारखा, विजेसकट. लोण आलं, मच्छिंद्राचं नाव, आबाराव कसा बसला, सगळं. आणि त्याखाली त्याच थाटात दुसरा सामना: ‘दुसरे दिवशी संचालक मंडळाच्या बैठकीत हाच डाव पुन्हा खेळण्यात आला. नानासाहेबांनी सूर धरला. गुंडाप्पा हे खुर्चीची पाटी न सोडता निद्रिस्त होते, तरी त्यांनी दोन्ही बाजूंनी हात वर करून कोंडी फोडली. माळावर न लागलेला हात अखेर सात विरुद्ध पाच मतांनी लागला. सबब मंडळाच्या मते करजवाडी विजयी.’ पुढं अकराही जणांची नावं, कुणी कुठं हात वर केला त्यासह, आदरार्थी बहुवचनात.

“जाफरभाई,” मी म्हणालो, “हे मंजूर कोण करंल? छापायच्या आधी मंडळ बघणार.”

“बघू दे. बघणं येगळं आन् वाचणं येगळं.”

ह्या माणसाला खेळता येत नव्हतं, पण संचालक ओळखायला तो पक्का शिकला होता. मजकूर मंजुरीच्या बैठकीला मी चहा न्यायच्या निमित्तानं गेलो. नानासाहेबांनी पहिलं पान हातात घेतलं, ते सोडलंच नाही.

“फोटोत फेटा काळा का दिसतोय?”

“शाई हाय साहेब.”

“जरा पांढरा करता येतो का बघा.”

बाकीच्यांनी आतली पानं फिरवली. प्रत्येकाचं बोट आपल्या नावावर जाऊन थांबायचं, तिथं जरा घुटमळायचं आणि पान पुढच्याकडं जायचं. गुंडाप्पा जागे झाले.

“माझं नाव हाय का?”

“दोनदा हाय,” जाफरभाई म्हणाला.

“दोनदा?” गुंडाप्पांनी सगळ्यांकडं अशी नजर टाकली की जणू वरात त्यांचीच. “मग मंजूर!”

दुसऱ्या एका संचालकाचं तोंड वाकडं झालं, त्याचं एकदाच होतं. पण ठराव एकमतानं झाला. निकाल फिरवण्याच्या बैठकीत जे विरोधात होते, तेही ह्यात आले. नाव सगळ्यांचंच होतं ना.

अंक बाजाराच्या दिवशी आला. बेंबळीच्या हॉटेलात एकानं उभं राहून वाचला. ‘कोंडी फोडली’पाशी आला आणि त्याला पुढं वाचवेना. दुसऱ्यानं घेतला. तोही अडला. चहावाल्यानं तिसऱ्याकडं दिला. एवढे हसले लोक की बाहेर बांधलेली बैलं दावं तोडायला लागली. मच्छिंद्र कोपऱ्यात बसला होता. कुणी विचारलं, “मच्छिंद्र, खरं सांग, सात मतांनी हात लागला तवा तुला कुठं जाणवलं?” तर तो पहिल्यांदाच मोकळा हसला आणि म्हणाला, “अजून दुखतंय.”

करजवाडीतही अंक गेला. तिथले खेळाडू आधी लाजले आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त हसले, कारण आबाराव त्यांना दररोज बघावा लागत होता.

नानासाहेबांना हे सगळं कळलं ते तुळजापूरच्या बसमध्ये. जीप बिघडली होती. मागच्या बाकावर कुणी वाचत होतं आणि पुढच्या बाकावर चेअरमन ऐकत होते. असा योग देवानंच जुळवावा.

संध्याकाळच्या आत मंडळ गोळा. जाफरभाई कोट घालून हजर.

“माफी छाप!” नानासाहेब गरजले.

“छापतो की साहेब. पण ठराव करून द्या. कुणाची माफी आन् कशाबद्दल, एवढं मंडळानं स्पष्ट सांगावं.”

झाली पंचाईत. एक म्हणाला, “मतदान झालं असं छापल्याबद्दल माफी.” दुसरा म्हणाला, “पण मतदान झालं हुतं की!” तिसरा म्हणाला, “मग झालं नव्हतं असा ठराव करू.” चौथ्यानं विचारलं, “त्यावर मतदान घ्यायचं का?” बराच वेळ गोंधळ चालला. गुंडाप्पांनी मध्येच दोनदा हात वर केला. कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटी सोपा मार्ग निघाला. जाफर बागवानाला संपादकपदावरून काढावं, आबारावाला बसवावं. बहुमत. मासिक संस्थेचं, जाफरभाईचा त्यावर काही हक्क नाही, हे पोटनियमात होतंच. ह्यानंच सही केली होती, आनंदाच्या भरात.

दुकानात आल्यावर त्यानं कोट काढून घडी घातली. मला वाटलं आता मोठेपणा मिरवील, कशी जिरवली म्हणेल. छे. डोळे पुसले आणि पहिलं काय म्हणाला? “हरिबा, तिसऱ्या पानावर मजकूर जरा तिरका बसला. पुढल्या अंकात सरळ केला असता.” मी हसलो, तर माझ्यावरच चिडला. त्याला लढाई जिंकायची नव्हती, मासिक चालवायचं होतं. ते गेलं. तेवढं खरं.

आणि ‘कोंडी’चं पुढं काय झालं म्हणाल तर आबाराव संपादक झाले. वही, पेन आणि शिपाई घेऊन सामन्यांना जाऊ लागले. पहिल्याच गावात सामना संपला आणि त्यांनी विचारलं, “निकाल काय लागला?” जिंकलेल्या संघाचा कप्तान नम्रपणानं म्हणाला, “आम्हाला काय ठाऊक साहेब? बोर्डाला विचारा.” हरलेल्यांना विचारलं, तर तेही तेच. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्या गावात पोरंसोरंही तेच ओरडायला लागली. कुणी निकाल सांगेना. आबारावांना खेळ बघून कळत असता तर प्रश्न नव्हता. मग अंकात वाढदिवस आले, सत्यनारायण आले, एका संचालकाच्या म्हशीला रेडकू झालं तेही फोटोसकट आलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ‘कोंडी’ पुन्हा बंद. ह्या वेळी दुष्काळ नव्हता. अकरा मालक पुरले.

त्यानंतर एकदा येडशीला रामलिंगापाशी सामना होता. मी आणि जाफरभाई गेलो. तो नको नको म्हणत होता, पण पायडल मारण्यात माझ्या पुढं होता. सामना संपला. दोन्ही संघांचे कप्तान घामानं निथळत सरळ आमच्याकडं आले.

“लिवून घ्या, भाई. एक लोण आमचं, एक ह्यांचं, शेवटचा डाव ह्यांनी मारला.”

“कशात लिवू?” जाफरभाई म्हणाला. “मासिक कुठंय आता?”

“मग ऐका तरी.”

त्यानं ऐकलं. सगळं ऐकलं. आणि मग म्हणाला, “ते ठीक हाय. पण तिसऱ्या पाटीवरचा तुमचा गडी उभा चुकीचा ऱ्हातोय,” आणि त्याला उभं कसं राहायचं ते दाखवायला स्वतः पाटीत उतरला.